हजेरीपटात उरलेली महासाथ : शाळा-महाविद्यालयांच्या प्रमुखांना खुलं पत्र

मा. मुख्याध्यापक, प्राचार्य आणि त्यांच्या वर बसून वेळापत्रकं ठरवणारे सर्व अधिकारी,

स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. या दोन तारखांमधली फाईल बहुतेक संस्थांनी दोरी बांधून कपाटात ठेवली आहे. आम्ही किशोरवयीन मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक आहोत, आणि ती फाईल पुन्हा टेबलावर घ्यावी यासाठी हे पत्र लिहीत आहोत. शाळा बंद झाल्या तेव्हा जी मुलं नुकती अक्षरं गिरवायला लागली होती, ती आता वयात येत आहेत. जी वयात येत होती, ती कॉलेजात आहेत किंवा कॉलेज सोडून घरी बसली आहेत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की साथीचा तरुण मनावरचा परिणाम उशिरा दिसतो. तो आधी हजेरीत, झोपेत आणि बुडालेल्या परीक्षांत दिसतो, 'मला त्रास होतोय' हे वाक्य फार नंतर येतं. त्यामुळे त्यावरचा बराचसा उपाय दवाखान्यात जाण्याआधी तुमच्या हातात असतो. तो हातचा जातो कसा आणि कुठे, हे या पत्रात सविस्तर लिहिलं आहे.

आधी आकड्यांचं बोलू. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात जगभरातले २९ अभ्यास एकत्र केले होते. त्यांत सुमारे ८१ हजार मुलं होती. नैराश्याची लक्षणं २५.२ टक्के मुलांत आणि चिंतेची २०.५ टक्के मुलांत आढळली. साथीआधीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट आहे. पालकसभेत सांगायला हा आकडा सोपा आहे, म्हणूनच जपून वापरा. ही प्रश्नावलीत नोंदलेली लक्षणं आहेत, डॉक्टरांनी तपासून केलेलं निदान नाही. 'दर चार मुलांत एकाला डिप्रेशन' असं फलकावर लिहिलंत तर ते चूक ठरेल. शिवाय काही देशांत तरुणांची मानसिक तब्येत २०२०च्या आधीच खालावत होती. सगळा दोष साथीच्या माथी मारता येणार नाही. गाडी उताराला लागलेलीच होती, साथीनं मागून ढकललं.

'उशिरा दिसतो' असं आम्ही का म्हणतो, ते जपानच्या आकड्यांवरून कळतं. तिथे फेब्रुवारी ते जून २०२० या पहिल्या लाटेत आत्महत्यांचं मासिक प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं होतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये ते १६ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलं व किशोरवयीनांमध्ये तर ४९ टक्क्यांनी. इतरत्रही सुरुवात अशीच फसवी होती. २१ देशांतल्या पहिल्या काही महिन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकूण लोकसंख्येत आत्महत्या वाढल्याचं दिसलं नव्हतं. मग अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयानं आपत्कालीन विभागात आणलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुलींचं प्रमाण २०१९च्या त्याच काळापेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त निघालं. मुलग्यांमध्ये ही वाढ ३.७ टक्के होती. संकटाच्या सुरुवातीला सगळेच एका बोटीत असतात आणि शाळेचा ताणही थांबलेला असतो. हिशोब चुकता करायची वेळ येते ती परतताना. तेव्हा अभ्यास मागे पडलेला असतो, मैत्र्या विस्कटलेल्या असतात, परीक्षा तोंडावर असते, आणि घरात कुणाची तरी नोकरी गेलेली असते किंवा कुणी तरी गेलेलं असतं.

आता यंत्रणा कशी बिघडते ते पाहू. सगळ्यात आधी झोप बिघडते आणि सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच जातं.

वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून मुलाला अकराच्या आत झोप येत नाही. त्यात आळस नसतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी शाळेत जाण्याची सक्ती आणि वाटेत डोळ्यांवर पडणारं ऊन, या दोन गोष्टी हे घड्याळ रोज मागे ओढून जागेवर आणत असतात. शाळा बंद झाल्या आणि दोन्ही एकदम गेल्या. मूल अंथरुणातच ऑनलाइन तासाला बसलं, कॅमेरा बंद, पडद्यावर काळ्या चौकटीत फक्त नाव. पडदे ओढलेली खोली, दुपारी तीन तासांची झोप, रात्री दोनपर्यंत मोबाईल. दोन-तीन महिने असं चाललं की पलंग ही जागण्याची जागा होऊन बसते.

हे घड्याळ पुन्हा लावताना घरोघरी एकच चूक होते. मुलाला लवकर झोपायला पाठवतात. झोप नसताना ते दोन तास अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतं, काळजीचं दळण दळतं, आणि 'पलंग म्हणजे काळजी' हे समीकरण पक्कं होतं. घड्याळ रात्रीच्या बाजूनं फिरवता येत नाही, सकाळच्या बाजूनं फिरवावं लागतं. मूल सध्या ज्या वेळेला आपण होऊन उठतं तिथून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी उठण्याची वेळ १५ ते ३० मिनिटांनी अलीकडे आणा. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात किमान २० मिनिटं उघड्यावर काढायची. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. दुपारी डुलकी घ्यायचीच असेल तर २० मिनिटांची आणि तीनच्या आधी. पलंगावर अभ्यास नाही, जेवण नाही. सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ फार तर तासभर पुढे जाऊ द्यावी. इथेच गाडी घसरते. सुट्टीत दुपारी बारापर्यंत झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठवणं म्हणजे चार-पाच वेळपट्टे ओलांडून आलेल्या प्रवाशाला उठवण्यासारखं आहे. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाची दांडी वेगळी मोजा. तिच्यात बहुतेक वेळा झोप असते, बेपर्वाई नसते. आणि एक तुमच्याच अखत्यारीतली गोष्ट: मोठ्या मुलांची शाळा सकाळी साडेसातला आणि लहानांची साडेनऊला भरत असेल, तर हे वेळापत्रक शरीरशास्त्राच्या बरोबर उलटं आहे. अदलाबदल करायला बसच्या फेऱ्या आड येतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही बसचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा.

दुसरा बिघाड टाळण्याचा. भीती वाटणारी गोष्ट टाळली की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती वाढते. चिंतेचं सगळं चक्र एवढ्यावरच चालतं. गर्दीची, बोलून दाखवण्याची, वर्गात हात वर करण्याची भीती असणाऱ्या मुलाला साथीनं महिनोन्‌महिने अधिकृत सूट दिली. वर 'घरी राहा, सुरक्षित राहा' असं सगळं जग सांगत होतं. अशा मुलाला शाळा उघडल्यावर 'आता ये' म्हणून भागत नाही. मोडलेल्या हाताचं प्लॅस्टर काढल्यावर तो जसा हळूहळू हलवून घ्यावा लागतो, तसं त्याला परत आणावं लागतं.

त्याची एक चढण सांगतो. पहिले दोन-तीन दिवस शाळा सुटल्यानंतर यायचं, फाटकापासून वर्गापर्यंत चालायचं, रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर दहा मिनिटं बसायचं, सोबत एक ठरलेले शिक्षक. त्यानंतर रोज एक तास, त्यातल्या त्यात सोप्या वाटणाऱ्या विषयाचा, आणि मधल्या सुट्टीच्या आधी संपणारा. दुसऱ्या आठवड्यात दोन ते तीन तास. तिसऱ्यात अर्धा दिवस. मधली सुट्टी शेवटी ठेवा. मोठ्यांना ती विश्रांती वाटते, पण परतलेल्या मुलासाठी तोच दिवसातला सगळ्यात अवघड अर्धा तास असतो, कारण तेव्हा कुणाशेजारी उभं राहायचं हे ठरलेलं नसतं. एखाद्या मित्राला आधी सांगून ठेवा किंवा वाचनालयात एक काम नेमून द्या. प्रत्येक पायरीवर मुलाला भीतीला शून्य ते दहात गुण द्यायला सांगा. आकडा निम्म्यावर आला की पुढची पायरी, तोवर तीच. भीती शिगेला असताना घरी पाठवू नका, ती उतरणीला लागेपर्यंत थांबा. मध्ये दोन दिवस दांडी झालीच तर एक पायरी मागे जा, पार तळाशी जाऊ नका.

यात हमखास चुकणाऱ्या गोष्टीही सांगतो. 'बरं वाटेल तेव्हा ये' हे वाक्य मायेचं आहे, पण त्याला तारीख नसते, आणि तारीख नसलेलं आमंत्रण चिंताग्रस्त मूल स्वीकारत नाही. अख्ख्या सत्राची सूट देणारी चिठ्ठी हाही त्यातलाच प्रकार. पहिल्या दिवशी वर्गात टाळ्या वाजवून केलेलं स्वागत तर कृपया टाळा, लपायला जागा शोधणाऱ्यावर झोत टाकल्यासारखं होतं ते. दुसऱ्या तासाला पोट दुखतं. ते दुखणं खरंच असतं, चिंतेनं आतडी आवळतात. पण दर वेळी घरी फोन गेला तर आठवडाभरात ते पहिल्या तासालाच दुखायला लागेल. पंधरा मिनिटं शांत खोलीत, पाणी, मग परत वर्गात, हा नियम मुलाशी आणि घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. आणि बुडालेला अभ्यास दुप्पट गृहपाठ देऊन भरून काढायचा प्रयत्न करू नका. प्रत्येक विषयात पुढचं ज्यावाचून अडतं असे दोन-तीन घटक निवडा, बाकीचं सोडून द्या.

मात्र ही चढण सुरू करण्याआधी डॉक्टरांची तपासणी झालेली असू द्या. कोविडनंतर काही मुलांना दीर्घ थकवा राहतो आणि थोड्या श्रमांनीही दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळते. अशा मुलाला पायरी-पायरीनं ढकलत नेलं तर ते आणखी खचतं. त्याला लागतो शक्तीचा हिशोब: किती करायचं आणि कुठे थांबायचं. चिंता आणि हा थकवा बाहेरून सारखेच दिसतात. 'नाटकं करतोय' हा शेरा दोन्ही ठिकाणी चुकतो.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. शाळा बंद झाल्यावर काही मुलं फुलली. रोज छळ सोसणारी, गोंगाट सहन न होणारी, स्वमग्नता असणारी कितीतरी मुलं त्या काळात पहिल्यांदा नीट झोपली. त्यांच्या दृष्टीनं संकट बंदीचं नव्हतं, परतण्याचं होतं. असं मूल यायला नाकारत असेल तर चढण नंतर, आधी त्या वर्गात काय चालतं ते पाहा. छळ तसाच ठेवून मुलाच्या भीतीवर उपचार करणं हा अन्याय आहे.

आता चाचण्यांकडे वळतो, कारण सध्या हौसेनं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 'सर्व विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्य तपासणी' असं परिपत्रक निघतं आणि एका दिवसात आठशे कागद भरून घेतले जातात. बहुधा वापरतात ती पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली, किशोरांसाठी थोडी बदललेली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले तर त्या मुलाशी सविस्तर बोलायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला कागद भरले, शिपायानं गठ्ठा बांधला, कपाटाला कुलूप लागलं. नवव्या प्रश्नासमोर 'जवळजवळ रोज'वर खूण केलेला कागद त्या गठ्ठ्यात दोन दिवस पडून राहिला. मुलानं सांगितलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं. न विचारण्यापेक्षा हे वाईट. त्या मुलाच्या मनात 'सांगून काही होत नाही' याची नोंद होते.

म्हणून आधी हिशोब करा. शंभर मुलांपैकी पंचवीस जण दहाच्या वर गेले असं धरा. प्रत्येकाशी एकट्यानं बोलायला ४० मिनिटं, म्हणजे एक हजार मिनिटं, जवळपास सतरा तास. तुमच्याकडे एक समुपदेशक असेल आणि त्याला दिवसाला चार तास अशा भेटींसाठी मिळत असतील, तर शंभर मुलांसाठी सव्वाचार दिवस लागतील. आठशे मुलांची चाचणी एकदम घेतली तर शेवटच्या मुलापर्यंत पोचायला दीड महिना उजाडेल. तेव्हा एका वेळी एकच तुकडी घ्या. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळच्या तासाला. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या. बाकं लांब ठेवा, कागद दुमडून थेट समुपदेशकाच्या हातात. तासाभरात सगळ्या कागदांचा फक्त नववा प्रश्न चाळा, आणि तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर त्या मुलाशी शाळा सुटायच्या आत बोला, एकूण गुण कितीही कमी असोत. इतकी माणसं नसतील तर चाचणी घेऊ नका. वर्गशिक्षकांना हजेरी आणि वागण्यातले बदल टिपायला सांगा, ते जास्त कामाचं.

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती निराधार आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, बहुतेकदा मुलाला सुटल्यासारखं होतं. प्रश्न सरळ असू द्या: 'इतकं असह्य होतं तेव्हा मरून जावं असं मनात येतं का?' 'तसं काही नाही ना मनात?' असं विचारू नका, त्यात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. उत्तर 'हो' आलं तर उपदेश नको, आईवडिलांच्या कष्टांची आठवण नको. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, तशी साधनं हाताशी आहेत का, हे शांतपणे विचारा. ठरवलेलं असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, घरच्यांना बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरी सांगणार आहोत हे मुलाला आधी सांगा, शक्य तर त्याच्यासमोर सांगा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन सुरुवातीलाच देऊ नये. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, ही मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट केलेली असावी.

पालकांना एक काम नेमकं द्या: औषधं, विषारी रसायनं आणि इजा करता येईल अशा वस्तू कुलपात किंवा घराबाहेर. जीव द्यावासा वाटण्याची लाट बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. तेवढा वेळ साधन हाताशी नसणं यानंच कित्येक जीव वाचतात. मुलाबरोबर बसून एका कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: लाट येतेय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्यानं काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, मदत कुणाकडे मागायची, तिथल्या हेल्पलाइनचा आणि डॉक्टरांचा नंबर, आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये. मुलाकडून 'मी जीव देणार नाही' अशी लेखी हमी घेण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती बंद करा. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. ती घेणाऱ्याला निर्धास्त करते आणि पुढच्या वेळी मुलाला गप्प करते.

ज्यांचं माणूस गेलं त्या मुलांबद्दल. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांतच जगभरात पंधरा लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील, आजी-आजोबा किंवा सांभाळ करणारे इतर नातेवाईक गमावल्याचा अंदाज आहे. पुष्कळांना शेवटचं बघताही आलं नाही. काहींच्या मनात 'माझ्यामुळेच घरात आजार आला' हे अजून बसलेलं आहे, आणि कुणी विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत. लहान मूल दुःखात मागे जातं, पुन्हा अंथरूण ओलं करतं. मोठं मूल घरातला कर्ता बनतं, धाकट्यांचं सगळं करतं, गुणही चांगले मिळवतं, आणि शाळेत 'किती समजूतदार' म्हणून कौतुकाला पात्र ठरतं. हे कौतुक जरा तपासून घ्या. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडून राहिलेलं असेल, गेलेल्या माणसाची ओढ दिवसभर सुटत नसेल, तर तज्ज्ञांकडे पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू आहे, या लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान आहे. आणि तुमच्या कार्यालयाच्या हातातलं साधं काम: प्रत्येक अर्जावर 'वडिलांची सही' असा रकाना असतो तो 'पालकाची सही' करा. वर्षातून नऊ-दहा वेळा त्या रकान्यापाशी थांबणारं मूल तुमच्या वर्गात आहे.

जे चालत नाही त्याचीही यादी व्हायला हवी, कारण पैसा आणि तास तिथेच खर्च होतात. सभागृहात चारशे मुलांना बसवून दिलेलं प्रेरणादायी व्याख्यान त्याच दिवशी विरून जातं. दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून 'काय झालं, कसं वाटलं' हे एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत तर जागतिक आरोग्य संघटना वापरू नका म्हणून सांगते. सरसकट सगळ्यांना सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचे) धडे द्यावेत का, याचा ब्रिटनमध्ये मोठा प्रयोग झाला. ऐंशीहून अधिक शाळा, आठ हजारांहून अधिक मुलं होती. २०२२मध्ये निकाल आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही. शिक्षकांना समुपदेशक बनवण्याचा दोन दिवसांचा अभ्यासवर्गही नको. शिक्षकानं बदल ओळखावा, बाजूला घेऊन एकदा विचारावं, आणि मुलाला स्वतः सोबत करून समुपदेशकाच्या दारापर्यंत आणून सोडावं. चिठ्ठी देऊन पाठवलेली मुलं वाटेतूनच परत फिरतात.

उरली पुढची साथ. ती येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात बैठका घ्यायला सवड नसेल, म्हणून दोन पानांची योजना आत्ताच लिहून ठेवा. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वाट्याला पंधरा मुलं, त्यात कारकून आणि ग्रंथपालही. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला पाच मिनिटांचा फोन, अभ्यासाचा विषय न काढता. पंधरा फोन म्हणजे सव्वा तास. दोनदा फोन लागला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी निरोप. ऑनलाइन वर्ग पन्नासचा नको, आठवड्यातून दोनदा तरी पाच-सहा जणांचे गट करा. एवढ्याशा गटात मूल बोलतं. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नका, पाठीमागे काय दिसेल याची लाज मोठी असते. दिवसाचा पहिला तास रोज ठरल्या वेळी घ्या आणि त्यात हजेरी नावानं घ्या.

फोनवर बोलताना मुलाच्या आजूबाजूला घरचे कान असतात. तेव्हा 'हो' किंवा 'नाही' एवढ्यातच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. 'आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?' हा पहिला. बोलता येत नसेल तर वापरायचं एक साधं वाक्य शाळा सुरू असतानाच मुलांना सांगून ठेवा, म्हणजे घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही चालू असेल तर 'माझं ग्रंथालयाचं पुस्तक राहिलंय' एवढ्यावरून तुम्हाला कळेल. शाळा बंद होतात तेव्हा घरातली हिंसा दिसणारे डोळेही बंद होतात, हे विसरू नका.

परीक्षांबाबत एक आग्रह. परीक्षा होणार की नाही, कशी होणार, हे तारीख देऊन सांगा आणि ती पाळा. परीक्षा रद्द झाल्याचं दुःख मुलं पचवतात, दर पंधरवड्याला बदलणाऱ्या घोषणांनी ती झिजतात. निर्णय झाला नसेल तर 'अमुक तारखेला निर्णय सांगू' एवढं तरी सांगता येतं. आणि बंदीची वेळ आलीच तर शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हाव्यात, सगळ्यात आधी उघडाव्यात. वर्ग उघडता येत नसतील तेव्हा मैदान उघडा.

सुरुवात मोठ्या आराखड्यानं करू नका. गेल्या सत्राचा हजेरीपट काढा. ज्यांचे दहा टक्क्यांहून जास्त दिवस बुडाले त्यांची नावं एका कागदावर लिहा. त्यातल्या ज्यांच्या दांड्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आहेत त्यांच्यापुढे एक खूण, चाचणीच्या दिवशी जास्त आहेत त्यांच्यापुढे दुसरी, आणि ज्यांच्या घरी साथीत कुणी गेलं त्यांच्यापुढे तिसरी. दोन किंवा तीन खुणा असलेल्या नावांपासून या आठवड्यात फोन करायला लागा. फोन वर्गशिक्षकांनी करावा, कार्यालयातून जाऊ नये. 'येत का नाहीस?' हा प्रश्न पहिल्या फोनला विचारू नका. 'सकाळी जाग किती वाजता येते?' असं विचारा आणि जे उत्तर येईल ते त्याच कागदावर नावासमोर लिहा.

आपले,
किशोरवयीन मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक